डोंगरातल्या नदीभोवती बफर झोन: आखायचा कसा, मिळवायचा कसा, टिकवायचा कसा

बफर झोनचा, म्हणजे नदीकाठी राखून ठेवायच्या पट्ट्याचा, विषय निघाला की पहिला प्रश्न हमखास येतो, "किती मीटर सोडायचं?" पन्नास, शंभर की दोनशे. माझ्या मते हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा. मैदानातल्या नदीला एक आकडा लावून बऱ्यापैकी काम भागतं, हरित लवादाने (पर्यावरणाचे वाद ऐकणारं राष्ट्रीय न्यायाधिकरण) जुलै २०१७ मध्ये हरिद्वार ते उन्नाव या पट्ट्यात गंगेच्या काठापासून १०० मीटरपर्यंत बांधकाम नको असं सांगितलं तसं. पण हरिद्वारच्या वर भागीरथीच्या खोऱ्यात गेलात की एका वळणावर १०० मीटर म्हणजे सरळ उभा कडा, आणि पुढच्या वळणावर तेच १०० मीटर म्हणजे नदीनेच आणून टाकलेल्या दगडगोट्यांच्या पसाऱ्याचा छोटासा तुकडा. एकच आकडा दोन्हीकडे लावला तर पहिल्या जागी तो फुकट आणि दुसऱ्या जागी चक्क घातक, कारण रेषेच्या एक फूट बाहेर हॉटेल बांधणाऱ्याला वाटतं आपण नियमात आहोत म्हणजे सुरक्षित आहोत.

खाली उदाहरणं बहुतेक भागीरथीची घेतलीत, कारण अख्ख्या नदीखोऱ्यासाठी इको सेन्सिटिव्ह झोन, म्हणजे कायद्याने जाहीर केलेलं पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र, कसा असतो, त्यात काय जमतं आणि काय फसतं हे तिथे नीट बघायला मिळतं. १८ डिसेंबर २०१२ ची अधिसूचना, गोमुख ते उत्तरकाशी साधारण १०० किलोमीटरची नदी आणि तिचं पाणलोट धरून ४१७९.५९ चौरस किलोमीटर. म्हणजे नुसता काठ नाही, नदीला पाणी देणारे उतारही आत घेतलेत, आणि हेच त्यातलं सगळ्यात शहाणपणाचं काम आहे.

आधी नदी चालून बघा, नकाशा नंतर

पाणी कमी असतं तेव्हा जा, हिमालयात नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात नदी दिसते पण तिचं घर दिसत नाही, ते हिवाळ्यात दिसतं. गावातला एखादा म्हातारा माणूस आणि रोज गवत कापायला जाणाऱ्या एकदोन बायका सोबत असतील तर फारच उत्तम, त्यांना जे माहीत असतं ते कुठल्याच सॅटेलाइटला माहीत नसतं.

चालताना काय बघायचं? पहिली गोष्ट दगड. पात्रापासून लांब, वर, झाडीत मोठमोठे गोल गुळगुळीत धोंडे पडलेले दिसले तर ते कोणीतरी वाहून आणलेत, आणि एवढा धोंडा वाहून आणणारी शक्ती तिथे एकच आहे. धोंड्यावर दगडफूल दाट चढलेलं असेल तर तो बऱ्याच वर्षांत हललेला नाही, स्वच्छ कोरा असेल तर अलीकडेच आलाय. दुसरी गोष्ट झाडं. एखाद्या पट्ट्यात सगळी झाडं एकाच वयाची, एकाच जाडीची दिसतात ना, तिथे बहुतेक वेळा एखाद्या पुराने जमीन साफ केली आणि मग सगळी एकदम उगवली असा प्रकार असतो, त्यांचं वय काढलं की पूर साधारण कधी आला तेही कळतं.

तिसरी गोष्ट नावं, आणि ही मला सगळ्यात आवडते. गढवालीत नदीकाठच्या सपाट दगडगोट्याच्या जमिनीला बगड म्हणतात, पिंडर नदीवरचं नारायणबगड ऐकलं असेल. ज्या जागेच्या नावात बगड आहे ती जागा नदीची होती हे तिथल्या पूर्वजांनी नावातच लिहून ठेवलंय. तसंच गाड आणि गधेरा, म्हणजे डोंगरावरून येणारे ओढे. ही नावं गावकऱ्यांकडून विचारून नकाशावर टाका. सरकारी नकाशात त्यातली निम्मी नसतात, आणि नकाशावर नसलेला ओढा पुढे कुठल्याच नियमात येत नाही.

आता सगळ्यात महत्त्वाची जागा. बाजूचा ओढा उतरून मोठ्या नदीला मिळतो तिथे पंख्यासारखा पसरलेला गाळ आणि दगडांचा उतार तयार होतो. डोंगरात सपाट जागा दुर्मिळ, ऊन चांगलं, रस्ता जवळ, पाणी जवळ, म्हणून बाजार, हॉटेलं, पार्किंग सगळं नेमकं तिथेच येतं. पण हा पंखा तयार कसा झाला? ओढा मलबा घेऊन खाली आला, उतार संपला, ओझं तिथेच टाकलं, मग स्वतःच्याच ढिगाऱ्याने वाट अडली की बाजूने नवी वाट काढली, आणि असं हजारो वर्षं डावीकडे उजवीकडे करत राहिला. म्हणजे आज ओढा पंख्याच्या एका कडेने वाहतोय म्हणून बाकीचा पंखा मोकळा आहे असं नाही, तो सगळाच ओढ्याचा आहे. धराली अशाच पंख्यावर वसलेलं होतं, खीर गाड भागीरथीला मिळते तिथे, आणि ५ ऑगस्ट २०२५ ला खीर गाडमधून आलेला मलबा काही मिनिटांत बाजारातून आरपार गेला. तिथलं कल्प केदारचं जुनं मंदिर तर आधीच एकदा गाळाखाली गाडलं गेलेलं, खोदून बाहेर काढलेलं होतं. इतकी स्पष्ट खूण क्वचितच कुठे मिळते. आणि लक्षात घ्या, धराली भागीरथीच्या संवेदनशील क्षेत्राच्या आत आहे. अधिसूचना होती, तरीही.

म्हणून चालून आल्यावर कागदावर चार गोष्टी हव्यात: आजचं पात्र, नदी पूर्वी जिथून गेली त्या सगळ्या जुन्या वाटा, प्रत्येक ओढ्याचा पंखा पूर्णच्या पूर्ण, आणि पात्राच्या पायथ्याशी टेकलेले दरडीचे उतार. मोबाइलच्या जीपीएसवर ट्रॅक घ्या, गूगल अर्थमध्ये मागच्या वर्षांची चित्रं बघायची सोय फुकट आहे, ती लावून बघा, इस्रोचं भुवन हे नकाशांचं संकेतस्थळ पण आहे. पण चित्रं पंधरावीस वर्षं मागे जातात, पंखा हजारो वर्षांचा असतो, तेव्हा चित्रात पूर दिसला नाही म्हणून जागा सोडून देऊ नका.

पट्टा आखताना

आपल्याकडे निळी रेषा लाल रेषा सगळ्यांना माहीत आहे, २५ वर्षांतून एकदा येणारा पूर आणि १०० वर्षांतून एकदा येणारा. ती पद्धत पाण्याची उंची मोजते. डोंगरातल्या ओढ्यातून मात्र नुसतं पाणी येत नाही, चिखल, दगड आणि झाडं एकत्र येतात, शिवाय तळ एका रात्रीत काही मीटर वर उचलला जाऊ शकतो आणि मग काल आखलेली उंची आज बिनकामाची. म्हणून उंचीपेक्षा जागेचा आकार पकडा.

मी तीन पट्टे सुचवेन. आतला पट्टा नदीचाच, म्हणजे वरच्या चार गोष्टी जिथे जिथे आहेत ती सगळी जागा, तिथे नवीन बांधकाम शून्य, उत्खनन शून्य, भराव शून्य. मधला पट्टा शेती, बागा, चराई असा मोकळ्या वापराचा, काँक्रीट नाही, शौचालयाचा सोकपिट (शोषखड्डा) नदीकडे उतरत असेल तर तो हलवायचा. बाहेरच्या पट्ट्यात बांधकाम चालेल पण अटींवर, सांडपाण्याची सोय, राडारोडा टाकायची ठरलेली जागा, तीव्र उतार कापायचा नाही. अरुंद घळीत आतला पट्टा वीस मीटरचा असेल, रुंद खोऱ्यात अख्खं सपाट मैदान आत जाईल, आणि हे असंच असायला हवं, रुंदी जागोजागी बदलली म्हणून कोणी पक्षपात म्हणाला तर त्याला पंखा दाखवायला न्या.

आकडा लागतोच कुठेतरी, तेव्हा तो कामावरून ठरवा. पाण्यावर सावली राहावी, पाणी गार राहावं यासाठी साधारण १० ते ३० मीटरची दाट झाडी पुरते, गाळ अडवायला सपाटीवर ३० च्या आसपास पण उतार जितका उभा तितकी जास्त, आणि प्राणी पक्ष्यांच्या ये-जा साठी १०० मीटर किंवा त्याहून जास्त.

एक चूक फार लोक करतात, मोठ्या नदीला पट्टा देतात आणि वरच्या छोट्या ओढ्यांना सोडून देतात. नदीच्या जाळ्याची एकूण लांबी काढली तर निम्म्याहून जास्त लांबी या उगमाजवळच्या छोट्या ओढ्यांचीच निघते. तिथल्या झाडांची पानं पाण्यात पडतात, किड्यांच्या अळ्या ती कुरतडतात, त्या अळ्यांवर थंड पाण्यातले मासे जगतात, दगडावर शेपटी हलवत बसणारा रेडस्टार्ट आणि पाण्यात बुडी मारणारा डिपर हे पक्षी जगतात. वर झाडी तुटली की खालच्या माशाचं जेवण तुटलं, मग खाली कितीही सुंदर पट्टा ठेवा.

आणि दगड. वाळू, गोटे, धोंडे काढायला "नदी साफ करतोय, पूर येणार नाही" असं कारण दिलं जातं, ते मान्य करू नका. उभ्या उताराच्या ओढ्यात मोठे धोंडे अडकून पायऱ्या बनतात, पाणी पायरीवरून डोहात पडतं आणि तिथे त्याचा जोर मरतो, मग पुढची पायरी, पुढचा डोह. धोंडे उचलले की पायऱ्या गेल्या, जोर मरत नाही, पाणी तळ खोदत जातं, तळ खाली गेला की दोन्ही काठांचा पायथा उघडा पडतो आणि वरची दरड सुटते. दगड विकून मिळालेल्या पैशात ती दरड परत बसवता येत नाही. काठावर सिमेंटची भिंत घालून पात्र आवळलं तरी तेच, वेग वाढतो आणि मार समोरच्या काठाला बसतो, बहुतेक वेळा तिथे ज्याचं घर असतं त्याला विचारलेलंच नसतं.

झाडं लावायची घाई पण नको. आधी चराई थांबवा, दोनतीन वर्षं काटेरी कुंपण घाला आणि काय आपोआप उगवतंय ते बघा. जिथे उगवत नाही तिथे स्थानिक झाडं, उत्तीस ओल्या दरडीवर झपाट्याने वाढतो आणि जमिनीला नायट्रोजनही देतो, विलोच्या ओल्या फांद्या नुसत्या खोचल्या तरी मुळं धरतात. पात्रातले उघडे गोट्यांचे पट्टे मात्र तसेच ठेवा, ओसाड दिसले तरी. आयबिसबिल नावाचा लांब वाकड्या चोचीचा पक्षी त्याच गोट्यांत अंडी घालतो, तिथे वृक्षारोपण म्हणजे त्याचं घर मोडणं. पडलेलं लाकूड पण राहू द्या.

कागद

इको सेन्सिटिव्ह झोन हा पर्यावरण (संरक्षण) कायदा १९८६ खाली जाहीर होतो, कलम ३ आणि १९८६ च्याच नियमांतला नियम ५. जाहीर करतं केंद्राचं पर्यावरण मंत्रालय, प्रस्ताव साधारणपणे राज्याकडून जातो. आधी राजपत्रात मसुदा येतो, मग हरकती आणि सूचनांसाठी ६० दिवस मिळतात. हे ६० दिवस म्हणजे तुमची खरी खिडकी. विरोध करणारे हरकत घ्यायला विसरत नाहीत, बाजूने असणारे मात्र घरी बसून आनंद मानतात आणि मग अंतिम अधिसूचना आली की त्यातून त्यांचाच ओढा गायब असतो. मसुद्याला पाठिंब्याचं पत्र पण पाठवायचं असतं, आणि त्यात "नदी वाचवा" एवढंच न लिहिता कुठला ओढा, कुठला पंखा, कुठला खसरा नंबर (जमिनीचा सर्व्हे नंबर) आत हवा आणि का हे तुमच्या नकाशासकट लिहायचं.

मसुदा लवकर अंतिम होईल या भरवशावर राहू नका. पश्चिम घाटाचा मसुदा २०१४ पासून पुन्हा पुन्हा निघतोय, ३१ जुलै २०२४ ला सहावा निघाला. भागीरथीची अधिसूचना २०१२ ला आली, झोनल मास्टर प्लॅन राज्याने दोन वर्षांत करायचा होता, त्याला केंद्राची मंजुरी मिळाली २०२० मध्ये. अधिसूचनेत काय बंद ते असतं, नवीन जलविद्युत प्रकल्प (गावापुरते २ मेगावॉटपर्यंतचे सोडून), खाणकाम, दगडखाणी, उद्योगांसाठी नदीचं पाणी उचलणं, धंद्यासाठी झाडतोड वगैरे. पण कुठल्या उतारावर घर चालेल, कुठे पार्किंग, राडारोडा कुठे, हे मास्टर प्लॅनमध्ये ठरतं. तो होईपर्यंत "अजून प्लॅन कुठे आलाय" म्हणत मधल्या काळात धडाधड बांधकामं होतात. तेव्हा अधिसूचना निघाली की पेढे वाटून थांबायचं नाही, दुसऱ्याच दिवसापासून प्लॅनच्या मागे लागायचं.

मधल्या काळात हातात काय असतं? बरंच काही. वनहक्क कायदा २००६ चं कलम ५ ग्रामसभेला पाणलोट आणि पाण्याचे स्रोत जपायचा अधिकार देतं, तो वापरून ठराव करा. जैवविविधता कायदा २००२ खाली गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, तिच्या लोक जैवविविधता नोंदवहीत नदी, डोह, मासे, पक्षी नोंदवून घ्या, पुढे कुठल्याही सुनावणीत ती नोंदवही कामाला येते. उत्तराखंडात वन पंचायती (गावाचं जंगल सांभाळणाऱ्या गावच्याच समित्या) आहेत, १९३१ च्या नियमांपासूनच्या, त्यांच्या हद्दीतला काठ आज आत्ता जपता येतो, दिल्लीची वाट बघावी लागत नाही. गंगा आणि तिच्या उपनद्यांसाठी ७ ऑक्टोबर २०१६ चा केंद्राचा आदेश आहे, त्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा गंगा समिती असते, तुमचा नकाशा त्या समितीपुढे ठेवा आणि पोच घ्या.

आणि पट्टा असून नदीत पाणीच नसेल तर? भागीरथीवर मनेरी भाली पहिला टप्पा १९८४ पासून चालतोय, मनेरीला पाणी बोगद्यात जातं आणि उत्तरकाशीजवळ तिलोथला बाहेर येतं, मधल्या नदीच्या वाट्याला उरलेलं. ९ ऑक्टोबर २०१८ ची केंद्राची अधिसूचना सांगते की उगमापासून हरिद्वारपर्यंत नोव्हेंबर ते मार्च २० टक्के, ऑक्टोबर, एप्रिल, मे मध्ये २५ टक्के आणि जून ते सप्टेंबर ३० टक्के प्रवाह सोडायचाच. हे आकडे कमी आहेत असं माझं मत आहे, पण निदान ते तरी सुटतायत का हे विचारता येतं. शिवाय २५ मेगावॉटच्या खालच्या जलविद्युत प्रकल्पांना २००६ च्या ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेखाली पर्यावरण मंजुरी लागतच नाही, म्हणून छोट्या गाडांवर असे प्रकल्प रांगेने येऊ शकतात, जनसुनावणीशिवाय. तुमच्या झोनच्या मसुद्यात छोट्या प्रकल्पांबद्दल काय लिहिलंय ते दोनदा वाचा.

गावाला विचारल्याशिवाय नाही

२०१२ नंतर भागीरथीच्या खोऱ्यात अधिसूचनेला स्थानिक लोकांचा मोठा विरोध झाला, राज्य सरकारचाही. त्याला नुसतं "विकासवेडे लोक" म्हणून झटकणं चूक आहे. लोकांच्या मनात साधे प्रश्न होते, माझं पडकं घर बांधता येईल का, घरापुरता दगड काढता येईल का, गावात रस्ता येईल का. यातल्या काही गोष्टींना अधिसूचनेत वाट ठेवलेली आहे, स्थानिकांच्या घरगुती गरजेपुरता दगडमाती काढणं त्यात बसतं, पण ते गावच्या भाषेत कोणी जाऊन समजावलं नाही तर लोकांपर्यंत फक्त "सगळं बंद" एवढंच पोचतं. म्हणून आखणीच्या पहिल्या फेरीपासून गाव सोबत हवं. बैठकीत एक यादी करा, काय बंद, काय अटीवर, काय पूर्ण मोकळं, आणि मोकळ्याची यादी आधी वाचा. आतल्या पट्ट्यात आधीपासून घरं असतील तर त्यांना पाडायची भाषा करू नका, वर सुरक्षित जागी जमीन मागा आणि ती मागणी त्याच ठरावात घाला, नाहीतर ज्याचं घर पंख्यावर आहे तो माणूस तुमच्या नकाशाविरुद्ध मत देणार आणि त्याच्या जागी आपण असतो तर आपणही दिलं असतं.

नजर

झोन झाला की देखरेख समिती असते. तिच्या बैठका होतात का, इतिवृत्त काय, हे माहितीच्या अधिकारात मागा, १० रुपये आणि ३० दिवस. सोबत हेही मागा: मंजूर राडारोडा जागांची यादी, नदीकाठच्या मंजूर बांधकामांचे नकाशे, धरणातून सोडलेल्या पाण्याची नोंद.

स्वतःची नोंद मात्र स्वतःच ठेवायची. दहा जागा ठरवा, दर वर्षी पावसाळ्याआधी आणि नंतर त्याच जागेवरून त्याच दिशेने फोटो. किडे मोजायला मच्छरदाणीच्या कापडाची जाळी पुरते, एकाने जाळी धरायची, दुसऱ्याने प्रवाहाच्या वरच्या बाजूला तीन मिनिटं पायाने दगड हलवायचे, जाळीत काय आलं ते पांढऱ्या ताटात ओतून बघायचं. मेफ्लाय, स्टोनफ्लाय, कॅडिसफ्लाय यांच्या अळ्या भरपूर प्रकारच्या आल्या तर पाणी स्वच्छ आणि तळ मोकळा आहे, पुढच्या वर्षी त्याच जागी स्टोनफ्लाय गायब आणि नुसते लाल गांडुळासारखे किडे असतील तर वरच्या बाजूला सांडपाणी किंवा मलबा शोधायला निघा. शाळेतली मुलं हे काम मोठ्यांपेक्षा चांगलं करतात.

तक्रार लिहिताना भावना कमी, तपशील जास्त. जीपीएसची जागा, खसरा नंबर, तारीख, फोटो, आणि अधिसूचनेतला कुठला परिच्छेद मोडला तो नंबर. एक प्रत समितीला, एक जिल्हाधिकाऱ्यांना, एक राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला, सगळीकडची पोच जपून. पर्यावरण कायद्यातली शिक्षा आता बदललीय, २०२३ च्या जनविश्वास कायद्यानंतर तुरुंगवासाऐवजी १० हजार ते १५ लाख रुपये दंड आहे, म्हणजे मोठ्या हॉटेलवाल्याला तो खर्चात धरता येतो, त्यामुळे फक्त दंडावर समाधान मानू नका, जागा पूर्ववत करायची मागणी लिहाच. हरित लवादाकडे त्याच्या कायद्याच्या कलम १४ खाली जायचं असेल तर मुदत वादाचं कारण घडल्यापासून सहा महिने, फार तर त्यावर ६० दिवस वाढवून मिळतात. मलबा टाकायला हिवाळ्यात सुरुवात झाली आणि तुम्हाला दिसला पावसाळ्यानंतर, तर बराचसा वेळ गेलेला असतो, आणि मलबाही वाहून गेलेला असतो. म्हणून ते दहा फोटो जून उजाडायच्या आत काढा, तारखेसकट.